बर्ड डॉगच्या नावाखाली गळ्यात मारलेले लावे

खटाव, माण आणि पलीकडे आटपाडी भागात 'परदेशी लावा पालन, शंभर टक्के बायबॅक' (म्हणजे वाढवलेले पक्षी तोच परत विकत घेणार) म्हणत एक जण पुन्हा रिकामी शेडं हुडकत फिरतोय असं कळलं, म्हणून हे लिहितोय. 2019 ला इस्लामपूरकडून उठलेलं कडकनाथ कोंबडीच्या बायबॅकमधल्या फसवणुकीचं प्रकरण सातारा-सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी सोसलंय. त्यामुळे हा गडी 'कोंबडी' हा शब्दच काढत नाही.

योजना ऐकायला झकास. अमेरिकेत पॉइंटर, सेटर अशा शिकारी कुत्र्यांना, म्हणजे बर्ड डॉगना, शिकवायला जिवंत लावे लागतात. गवतात पक्षी सोडायचा, कुत्र्याने वासावरून माग काढून जागेवर ताठ उभं राहायचं, मग मालकाने पक्षी उठवायचा. त्यासाठी तिकडे बॉबव्हाइट जातीचे लावे वाढवतात. इथपर्यंत सगळं खरं आहे. तो मोबाईलवर व्हिडिओही दाखवतो: सोडलेले पक्षी पेटीत ठेवलेल्या जोडीदाराची साद ऐकून संध्याकाळी तुरुतुरु चालत येतात आणि नरसाळ्यासारख्या तोंडातून परत आत शिरतात. तेही खरं. बॉबव्हाइट थव्याने राहणारा पक्षी, त्याला एकटं करमत नाही.

आम्हाला मिळाली ती पिल्लं मात्र बॉबव्हाइटची नव्हतीच. नव्वद रुपयाला एक. पिंजरे त्याचेच, खाद्य त्याच्याकडूनच घ्यायचं, चार महिन्यांनी पक्षी तो अडीचशेला उचलणार. स्टॅम्पवर करार, सोबत पुढच्या तारखेचे चेक. पिल्लं अंगठ्याएवढी, पाण्याच्या भांड्यात बुडून मरायची, म्हणून घरच्यांनी भांड्यात खडे टाकून ती जगवली.

दीड महिना होतो न होतो तोच बायकोने तळहातावर अंडं आणून दाखवलं. मातकट, वर चॉकलेटी-काळे शिंतोडे, ताजं असल्यामुळे ओल्या बोटाला रंग लागत होता. बॉबव्हाइटचं अंडं पांढरं असतं, आणि तो पक्षी इतक्या लवकर अंड्यावर येतच नाही. फोन केला तर म्हणे, "सुधारित क्रॉस आहे, काळजी करू नका." पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नर हातात घेऊन छाती दाखवली: सगळी विटकरी, गळा पांढरा नाही. हा साधा जपानी लावा, जो बाजारात बटेर म्हणून विकला जातो. अंडी 17-18 दिवसांत फुटतात, बॉबव्हाइटला 23 लागतात. पक्ष्याचा काही दोष नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच्या चांगल्या जाती काढल्यात, पण अंड्या-मांसासाठी. पिल्लाचा भाव मात्र आम्ही दिला त्याच्या आसपासही नसतो.

खरी मेख करारात होती. 'उठवल्यावर जोमाने व लांब न उडणारा पक्षी नाकारला जाईल.' लावा दचकला की सरळ वर उसळतो, डोकं आपटून मरतो, म्हणून अंड्या-मांसाचे पिंजरे मुद्दाम वीतभर उंचीचे करतात. उडणारा लावा तयार करायला जाळीचं लांबलचक आवार लागतं, आणि माणसाचा वावर कमी. पिंजरे विकणाऱ्याला हे माहीत नसेल? तपासणीला आलेल्या त्याच्या माणसाने पक्षी वावरात हवेत फेकले. ते चार-पाच हातांवर धपकन पडले आणि ढेकळाआड बसून राहिले. "रिजेक्ट." सगळ्यांकडे हेच झालं. म्हणजे बायबॅक करायचाच नव्हता, धंदा पिल्लं, पिंजरे आणि खाद्य खपवण्याचा होता.

आटपाडीकडच्या एकाने त्या व्हिडिओवर भरवसा ठेवून पक्षी संध्याकाळी मोकळे सोडले. एकही परत आला नाही, जपानी लाव्याला ती सवयच नाही. मुंगसांची चंगळ झाली. शिवाय बाहेरचा पक्षी आपल्या माळावर सोडणंच चूक. काही जण तर उडणारे हवेत म्हणून माळावरचे लावे जाळ्यात धरून लॉट भरायला निघाले होते. तसलं काही करू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. फसवणारा बाजूला राहील आणि तुम्ही आत जाल.

कुणी दारात आलाच तर एवढंच विचारा: माल जाणार कुठे? आपल्याकडे शिकार बंद, मग बर्ड डॉगसाठी इथे गिऱ्हाईक नाही. परदेशी म्हणाला, तर त्या देशाचा आयात परवाना आणि आधी पाठवलेल्या लॉटचा आरोग्य दाखला मागा. 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून जिवंत पक्षी बाहेर पाठवणं किती अवघड झालंय ते कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा. हा आयात-निर्यात कोड काढून दाखवतो. तो कोड अर्ज करून कुणालाही मिळतो, त्यावर पक्षी विमानात चढत नाहीत.

फसलेल्यांनी एकेकट्याने त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवू नका. एकत्र तक्रार द्या, रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखेकडे. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं. पैसे पाठवल्याचे पुरावे, खाद्याच्या पावत्या, मेसेज, काही पुसू नका. आणि चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. आमच्यातल्या दोघांची ती मुदत "साहेब सोमवारी पैसे सोडतायत" हे ऐकण्यात गेली.