आठ किलोत म्युनिक : दादरच्या बॅगवाल्याने शिवून दिलेली केबिन बॅग

परदेशात राहणाऱ्या मुलाकडे जाताना हलकं सामान न्यायचं असेल, तर सगळ्यात आधी रिकामी बॅग काट्यावर ठेवून बघा. काय न्यायचं आणि काय नाही यावर घरात तासन्‌तास चर्चा होते, पण बॅगेचं स्वतःचं वजन कुणी विचारात घेत नाही. माझी जुनी चाकांची केबिन ट्रॉली आमच्या वाण्याच्या काट्यावर 2 किलो 800 ग्रॅम भरली. मी मुंबईहून म्युनिकला मुलाकडे लुफ्तान्साच्या विमानाने जाते. त्यांच्या इकॉनॉमीत हातातलं सामान 8 किलो चालतं आणि माप 55 × 40 × 23 सेंटीमीटर. म्हणजे एकही कपडा भरायच्या आधी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन त्या ट्रॉलीने आणि तिच्या चाकांनीच खाल्लेलं. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या तर 7 किलोच देतात.

म्हणून मी दादर पश्चिमेला कबुतरखान्याजवळच्या गल्लीतल्या एका बॅगवाल्याकडून माझ्या मापाची बॅग शिवून घेतली. हा अभिप्राय तिच्याबद्दल आणि त्या कारागिराबद्दल आहे. दुकानाला नाव नाही. पाटीवर नुसतं ‘बॅग रिपेअरिंग – चेन, रनर, हँडल, चाके’ असं लिहिलंय. आत एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि छतापर्यंत लटकलेल्या शाळेच्या बॅगा. ग्राहकाने उभं राहायचं ते गल्लीतच.

मी जाताना 55 × 40 × 23 अशी चिठ्ठी नेली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, “काकू, एवढीच शिवली तर भरल्यावर फुगणार आणि काउंटरवरच्या सांगाड्यात अडकणार. 53 बाय 38 बाय 20 करू या. फुगली तरी आत राहील.” विमानतळावर बॅग ज्या लोखंडी चौकटीत घालून बघतात, ती या माणसाने मनाशी धरली होती. या मापाने बॅगेत साधारण 40 लिटर सामान मावतं आणि माझ्यासारख्या पासष्टी ओलांडलेल्या बाईला ती पाठीवर झेपते. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाचा पाठीचा साचा कापला, माझ्या खांद्याला लावून बघितला आणि पट्टे कुठून निघतील तिथे खडूने दोन खुणा केल्या. तयार सॅक घेताना हे कोण करतं? बहुतेक सॅक उंच माणसाच्या पाठीच्या हिशेबाने केलेल्या असतात. आमच्यासारख्या बुटक्या बायकांच्या त्या कमरेखाली लोंबतात आणि मग मान भरून येते.

कापड त्यांनीच सुचवलं. जाड रेक्झिन नको, वजन वाढतं. आतून लेप दिलेलं पातळ, घट्ट विणीचं पॉलिएस्टर. अस्तर मी हट्टाने फिकट पिवळं मागितलं, कारण काळ्या अस्तरात काळा मोजा आणि औषधाची पट्टी दोन्ही दिसेनाशी होतात. चाकं नाहीत, आतली दांडी नाही, पुठ्ठ्याचा तळ नाही. तयार बॅग त्याच वाण्याच्या काट्यावर 900 ग्रॅम भरली. ट्रॉलीच्या मानाने जवळजवळ दोन किलोंची बचत झाली, आणि आठ किलोत दोन किलो म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

चेनबद्दल सविस्तर लिहिते, कारण स्वस्त बॅग पहिल्यांदा तिथेच दगा देते. ही बॅग वरून तोंड असलेल्या पोत्यासारखी नाही. तीन बाजूंनी चेन आहे आणि ती सुटकेससारखी पूर्ण उघडते. अशा बॅगेत चेनचे दोन कोपरे येतात आणि रनर नेमका तिथे अडतो. या कारागिराने कोपरे काटकोनात न ठेवता वाटीच्या काठासारखे गोल घेतले, आणि तिथे पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल पट्टी, थोडं मागे सरकवलं, म्हणजे ते दातांत येत नाही. चेन जाड दातांची, आठ नंबरची टाकली, बारीक पाच नंबरची “भरल्यावर फसते” म्हणून. दोन रनर समोरासमोर, छोटं कुलूप घालता येईल असे. चेनच्या दोन्ही टोकांना पट्टीचा तुकडा तिहेरी शिलाईने पक्का केला. देताना मेणबत्तीचं टोक चेनवरून दोनदा फिरवलं आणि मला म्हणाले, “आता एका बोटाने ओढून बघा.” एका बोटाने ती खरंच सरकली, दोन्ही कोपऱ्यांतून. बॅग गच्च भरलेली असते तेव्हाही अजून तशीच सरकते.

पाठीच्या बाजूला, अंगाला चिकटून राहील असा एक चपटा कप्पा आहे. त्यात पासपोर्ट, मुलाचं निमंत्रणाचं पत्र आणि प्रवास विम्याचा कागद. जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि पोचल्यावर इमिग्रेशनला कागद विचारले तर बॅग न उघडता ते हातात येतात. बाहेरच्या कप्प्यात पॉवर बँक. ती चेक-इनमध्ये चालतच नाही, हातातल्या सामानातच न्यावी लागते. त्याच्याच शेजारी एक लिटरची पारदर्शक पिशवी. द्रव पदार्थ 100 मिलिलिटरच्या बाटल्यांत घालून या पिशवीतून न्यायचे. तेल सुटलेलं लोणचंसुद्धा त्यातच मोजतात.

आता आत काय मावतं. गुंडाळी केलेले चार पंजाबी ड्रेस, एक मलमलची साडी, रात्रीचे कपडे, महिन्याभराची रक्तदाबाची औषधं मूळ पट्टीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. जाड जाकीट आणि बूट मुलाच्या घरीच ठेवलेत. तिथे कपडे धुवायचं यंत्र आहे, त्यामुळे याहून जास्त कपड्यांची गरज मला आजवर पडलेली नाही. वाचलेल्या दोन किलोंत खाऊ. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं. तूरडाळ, पोहे, बासमती हे म्युनिकच्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, ते इथून नेण्यात अर्थ नाही. भाजणीच्या पाकिटावर ठळक अक्षरांत नाव लिहिते आणि ते सगळ्यात वर ठेवते. तपासणीत ते काढून बघतात आणि परत देतात. मसाल्याच्या पुड्या मी हातात नेत नाही. सून गोडा मसाला तिकडेच करते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर विमानात नकोतच, तेलामुळे त्या आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतात.

दुधाचे पदार्थही नाहीत. पेढे, खव्याची बर्फी, साजूक तूप, काही म्हणजे काही युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाही. आणि मुलाला सगळ्यात जास्त हवा असतो तो हापूस, तोही असा पिशवीतून नेता येत नाही. ताज्या आंब्याला रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. फळमाशीमुळे 2014 च्या मे महिन्यात युरोपने आपल्या आंब्यावर बंदीच घातली होती, ती 2015 मध्ये उठली. म्हणून मी आंबापोळी नेते. पातळ, कोरडी, आणि बॅगेच्या पाठीला लावून सपाट बसते. नात ती चिमटीने सोलून खाते आणि पुढच्या वर्षीची मागणी त्याच वेळी नोंदवते.

पाठीवर हलकी बॅग असल्याचा फायदा घरातून निघतानाच कळतो. दादरहून मेट्रो 3 ने थेट विमानतळाचं टी-2 स्टेशन, टॅक्सीची वाट बघणं नाही की डिकीत सामान कोंबणं नाही. विमान मध्यरात्रीनंतरचं असलं तरी मी नऊच्या सुमारास निघते, कारण पुढे मेट्रो बंद होते. म्युनिकला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहावं लागत नाही. तिथून एस-बानने, म्हणजे तिकडच्या लोकलने, शहरात पोचायला साधारण चाळीस मिनिटं, आणि मुलाचं घर जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा ऑफिसात असला तरी मी माझी मी घरी जाऊ शकते. दारात पोचल्यावर नातीला उचलायला दोन्ही हात मोकळे असतात. मला ही बॅग आवडते ती मुख्य म्हणजे यासाठी.

आता उणिवा. खांद्याच्या पट्ट्यांतला फोम पातळ आहे. आठ किलो घेऊन तासभर उभं राहिलं की खांदे बोलायला लागतात. दुप्पट फोम घालायला सांगा, वजन फारसं वाढत नाही. शिवणीतून पाणी झिरपतं, त्यामुळे जुलैत दादर स्टेशनपर्यंत जायचं तर वरून प्लास्टिकचं आवरण हवं. छातीवरचा बकलाचा पट्टा त्यांनी पहिल्यांदा लावला नव्हता, मागून लावून घेतला. तो सुरुवातीलाच मागा, पट्टे घसरत नाहीत. ज्यांना पाठदुखी आहे त्यांनी ही बॅग घेऊ नये, त्यांना चाकंच बरी.

कापड, चेन, शिलाई धरून मला 1,400 रुपये पडले. छापील बिल मिळत नाही, गॅरंटीचा कागद नाही. पण शिवण उसवली तर ते पैसे न घेता समोर बसून घालून देतात. छातीचा पट्टा लावला तेव्हा फक्त बकलाचे पैसे घेतले. शिवायला आठवडा सांगतात, तो दहा दिवसांवर जातो. मे अखेर ते जून मध्य जाऊच नका, शाळेच्या बॅगांची रांग असते. सोमवारी बंद. जाताना तुमच्या विमान कंपनीचं माप आणि वजन कागदावर लिहून न्या, आणि जमलं तर ज्याच्या पाठीवर बॅग जाणार आहे त्या माणसालाच सोबत घेऊन जा.