ट्रेलरमधले सहा स्विचांचे पॅनेल: स्विच उत्तम, मागची वायरिंग मात्र बदलून घ्यावी

मिशिगनमध्ये राहणाऱ्या आमच्या कुटुंबाकडे २००७ सालचा चोवीस फुटी कॅम्पिंग ट्रेलर आहे. तो आम्ही वापरलेलाच घेतला होता. गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या पंपाचे बटण दाबले की छतातले दिवे मंद व्हायचे, पंप धापा टाकत चालायचा आणि दाराबाहेरचा दिवा तर पेटेनासाच झाला. पंपाच्या बटणावर बोट ठेवले तर ते चांगलेच कोमट लागे. जुनी बटणे एकेक करून बदलण्यापेक्षा सगळी एका जागी आणावीत, या विचाराने मी ऑनलाइन ३८ डॉलरला सहा स्विचांचे १२ व्होल्टचे तयार पॅनेल मागवले. त्यात अॅल्युमिनियमची पट्टी, दिवा असलेले सहा रॉकर (एका बाजूला दाबले की झुकणारे) स्विच, प्रत्येकासाठी पात्याचा फ्यूज आणि व्होल्टेज दाखवणारा छोटा डिस्प्ले आहे. एक पूर्ण मोसम वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. याच रूपाची पॅनेले अनेक नावांनी विकली जातात, त्यामुळे विक्रेत्याच्या नावापेक्षा आत काय आहे हे पाहणेच उपयोगाचे आहे.

पॅनेल घेण्याआधी दोष नक्की कुठे आहे हे मीटरने शोधले, आणि प्रत्येक ट्रेलरमालकाने हे आधी करावे असे माझे कळकळीचे सांगणे आहे. घरच्या विजेची केबल काढून ट्रेलर फक्त बॅटरीवर ठेवला. पंप बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते आणि पंप चालू केल्यावर १२.४, म्हणजे बॅटरी निर्दोष होती. पंपाच्या तारांपाशी मात्र जेमतेम ९.९ व्होल्ट पोहोचत होते. मधले अडीच व्होल्ट कुठे गळतात हे पाहण्यासाठी मीटरची एक काडी स्विचच्या एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला लावली. चालू असलेल्या चांगल्या स्विचवर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवे, पण दिसले १.४ व्होल्ट. पंप साडेपाच अँपिअर घेत होता, म्हणजे जवळपास पावणेआठ वॉट उष्णता त्या चिमुकल्या बटणातच तयार होत होती. बटण गरम का लागते, याचे उत्तर तिथेच मिळाले.

पण हिशेब अजून पुरा झाला नव्हता, कारण पंपाचा स्विच केवढाही खराब असला तरी त्यामुळे दिवे मंद होण्याचे कारण नाही. दिव्यांचा स्विच वेगळा आहे. दोघांचा समाईक मार्ग एकच, तो म्हणजे निगेटिव्ह. ट्रेलरखाली सांगाड्याला एका स्क्रूने जोडलेली निगेटिव्हची मुख्य वायर सापडली. तिच्या गोल टर्मिनलखाली गंजाचा तपकिरी थर जमला होता आणि तिथे ०.९ व्होल्ट अडकत होते. तारेच्या ब्रशने धातू चकाकेपर्यंत घासून, दातेरी वॉशर घालून नवा बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले, तेव्हा तीच गळती ०.०५ व्होल्टवर आली आणि पंप चालू असतानाही दिवे स्थिर राहू लागले. नवे पॅनेल अजून खोक्यातच होते. बाहेरच्या दिव्याच्या जुन्या स्विचचे संपर्क मात्र काळे पडून खरोखरच निकामी झाले होते, त्यामुळे पॅनेल लागणार होतेच. पण त्याने हा गंज गेला नसता.

आता पॅनेलविषयी. स्विच खरोखर चांगले आहेत. दाबताना ठाम आवाज येतो, अंधारात दिव्यामुळे पटकन सापडतात, आणि त्यांच्यावर १२ व्होल्ट डीसीला, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला, २० अँपिअर असे स्पष्ट छापलेले आहे. हे छापलेले असणे महत्त्वाचे आहे. घरात वापरायची एसीची (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाची) बटणेच ट्रेलरमध्ये बसवावीत असा सल्ला मला मिळाला होता, पण एसी प्रवाह दर सेकंदाला अनेकदा शून्यावर येतो आणि स्विच उघडताना उडणारी ठिणगी त्यामुळे विझते. डीसीमध्ये ती तशी विझत नाही आणि संपर्क जळत राहतात. त्यामुळे स्विचवरची डीसीची क्षमता वाचल्याशिवाय तो घेऊ नये.

माझी तक्रार आहे ती मागच्या वायरिंगची. एका स्विचवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी साखळी करत सहाही स्विचांना पॉझिटिव्ह दिलेले आहे, आणि ही साखळी १६ गेजच्या, म्हणजे साधारण १.३ चौरस मिलिमीटरच्या वायरची आहे (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक). माझ्या ट्रेलरमधले सगळे भार एकदम चालू केल्यावर क्लॅम्प मीटरने १९ अँपिअर दाखवले. पहिल्या स्विचपर्यंतच्या तुकड्यातून हा सगळा प्रवाह जाणार, आणि एवढ्या बारीक वायरवर तो सोपवायला मी तयार नव्हतो. माझे वडील साखर कारखान्यात वायरमन होते. जोड केला की वायर ओढून पाहायची, ही त्यांची सवय माझ्याही हाताला लागली आहे. तशी ओढून पाहिली तेव्हा कारखान्यातून आलेल्या जोडांपैकी एक टर्मिनल वायरसकट अलगद हातात आले. तांब्याच्या तारा त्यात नुसत्या घुसवलेल्या होत्या, दाबलेल्या नव्हत्याच.

मग साखळी पूर्ण काढली. बॅटरीकडून १० गेजची वायर एका बसबारवर, म्हणजे अनेक वायरी जोडता येतील अशा धातूच्या पट्टीवर, आणली, तिथून प्रत्येक फ्यूजला स्वतंत्र १४ गेजची वायर दिली, आणि सगळी टर्मिनले रॅचेटच्या क्रिंपिंग पकडीने (टर्मिनल वायरीवर घट्ट दाबणाऱ्या पकडीने) दाबून त्यांवर उष्णतेने आकसणारी हीट-श्रिंक नळी चढवली. या सामानाला आणखी २७ डॉलर लागले. फ्यूजही बदलले. पॅनेलसोबत सगळे २० अँपिअरचे आले होते, परंतु फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि १४ गेजच्या वायरीला १५ अँपिअरपेक्षा मोठा फ्यूज लावू नये. पंपाला मी साडेसात अँपिअरचा लावला आहे.

सोबतच्या कागदावरील आकृती चुकीची निघाली, हे विशेष नोंदवतो. दिवा असलेल्या रॉकर स्विचला तीन टोके असतात: एक पुरवठ्याचे, एक उपकरणाकडे जाणारे आणि एक फक्त आतल्या दिव्याच्या निगेटिव्हचे. हे तिसरे टोक बहुधा पितळी रंगाचे असते. आकृतीत शेवटच्या दोन टोकांची अदलाबदल झाली होती. तसे जोडून स्विच दाबताच पुरवठा थेट निगेटिव्हला भिडला आणि फ्यूज उडाला. त्यानंतर प्रत्येक स्विच मीटरने तपासूनच जोडला. पत्नीने टॉर्च धरला आणि मी वायरींना क्रमांकाच्या पट्ट्या लावत गेलो. अख्खा शनिवार त्यात गेला.

भारतात वाढलेल्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्याकडे काळी वायर म्हटली की न्यूट्रल, हे डोक्यात घट्ट बसलेले असते. अमेरिकेत १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल असते, आणि अनेक ट्रेलरांत १२ व्होल्टलाही काळी पॉझिटिव्ह व पांढरी निगेटिव्ह असते. एकाच भिंतीत या दोन्ही पांढऱ्या वायरी शेजारी सापडू शकतात. रंगावर विसंबून त्या कधीही एकत्र करू नयेत. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह काढणे पुरेसे नाही. बाहेरची केबल लावलेली असेल तर कन्व्हर्टर (१२० व्होल्ट एसीचे १२ व्होल्ट डीसी करणारे उपकरण) १२ व्होल्टच्या वायरींना पुरवठा देतच राहतो, म्हणून दोन्ही काढावेत.

बसवण्याच्या बाबतीत खोली आधी मोजा. ट्रेलरच्या भिंतीतली पोकळी माझ्याकडे जेमतेम ३८ मिलिमीटर आहे आणि टर्मिनलांसकट पॅनेलला ५५ लागतात. जुन्या जागी ते बसलेच नाही, शेवटी ओट्यावरच्या कपाटाच्या बाजूला बसवावे लागले.

व्होल्टेजचा डिस्प्ले उपयोगाचा आहे, पण तो सतत चालू राहतो. मी मोजला तेव्हा तो २५ मिलिअँपिअर घेत होता, म्हणजे दिवसाला ०.६ अँपिअर-तास. आमच्याकडे ट्रेलर ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत झाकून ठेवावा लागतो. सहा महिन्यांत हे १०८ अँपिअर-तास होतात, आणि माझी बॅटरीच ८० ची आहे. हिवाळ्यात पूर्ण उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते. त्यामुळे डिस्प्लेची वायर मी सहाव्या, रिकाम्या स्विचवर घेतली.

पंपाच्या नव्या स्विचवर मोसमाअखेर ०.०४ व्होल्ट गळती आढळली आणि हाताला तो थंड लागतो. ज्यांच्याकडे क्रिंपिंगची पक्कड आणि मीटर आहे, मागची वायरिंग उकलून नव्याने करण्याची तयारी आहे, त्यांनी हे पॅनेल जरूर घ्यावे. ३८ डॉलरला सहा चांगले स्विच आणि फ्यूजची सोय वाईट नाही. खोक्यातून काढून तसेच बसवायचे असेल, तर घेऊ नये. पाचपैकी तीन तारे देतो, आणि त्यातले अडीच निव्वळ स्विचांचे आहेत. सोबत आलेली नावांची चिकटपत्रे स्वयंपाकाच्या वाफेने दुसऱ्याच सहलीत सुटली; आता पट्टीवर पक्क्या शाईने ‘पंप’, ‘दिवे’, ‘बाहेर’ असे देवनागरीत लिहिले आहे.