क्यूवरील जडावाच्या खाचा: पटाशी की सीएनसी?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सीएनसीचे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्राचे, काम करून मिळत असताना पूल क्यूच्या (पूल खेळायच्या काठीच्या) मुठीवर शिंपल्याच्या जडावासाठी खाचा हाताने कोराव्यात का, असा प्रश्न एका मित्राला पडला आहे.

अचूकतेत यंत्र सरस आहे. मात्र १ मिमी व्यासाचे कटर आतल्या कोपऱ्यात ०.५ मिमी त्रिज्येची गोलाई सोडतेच, म्हणून टोकदार नक्षीचे कोपरे शेवटी सुरीनेच साफ करावे लागतात. शिवाय मूठ गोल असल्याने सपाट तळाची रुंद खाच कडेला उथळ होते आणि घासल्यावर तिथला शिंपला पातळ उरतो.

पटाशीला खर्च थोडा, वेळ फार. चुकलेली फट इपॉक्सी गोंद आणि लाकडाच्या भुशाने भरली, तर ती गडद शिसवीत लपते, फिकट मेपलवर मात्र उठून दिसते.

एकच क्यू आणि सरावलेला हात असेल तर पटाशी घ्यावी. तीच नक्षी वारंवार हवी असल्यास सीएनसी.