गांडुळांचं खाद्य: सुका पालापाचोळा, अर्धकुजलेलं मिश्रण की यीस्टचा गाळ?

गांडुळाने खाल्लेला घास काही तासांत, फार तर दिवसभरात, विष्ठेवाटे बाहेर पडतो. खाद्य निवडताना आधी हा हिशेब धरावा, कारण तेवढ्या वेळात जे फुटेल तेच त्याच्या कामाचं.

आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, ओल भरपूर असते आणि भिंतीतून सुटणाऱ्या चिकट द्रावात साखरा असतात. मातीत निपचित पडलेले जिवाणू इथे आले की जागे होतात आणि किण्वन, म्हणजे ऑक्सिजनशिवाय आंबवण, सुरू करतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक, सक्सिनिक अशी आम्लं तयार होतात, शिवाय हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. ही आम्लं गांडुळाला अन्न म्हणून वापरता येतात.

नुसता पालापाचोळा किंवा पेंढा. यातला सेल्युलोज (वनस्पतीचा तंतू) लिग्निन या कडक, चिवट पदार्थात गुरफटलेला असतो. गांडुळाच्या पाचकरसात सेल्युलोज फोडणारं सेल्युलेज असतं, जिवाणूंचीही मदत मिळते, पण काही तासांत हे कोडं सुटत नाही. पेंढ्याचं कर्ब-नत्र प्रमाण 80:1 च्या आसपास असल्याने नत्राचीही वानवा. गांडुळांचा बेड (वाफा) महिनोन्महिने तसाच दिसतो, गांडुळं बारीक राहतात. अंथरूण म्हणून मात्र हा माल उत्तम: हवा खेळती ठेवतो आणि जास्तीचं पाणी शोषतो.

यीस्टचा गाळ किंवा तसंच सूक्ष्मजीवांनी भरलेलं खाद्य. इथे अडचण उलटी. पेषणीत, म्हणजे गांडुळाच्या अन्न दळणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत, वाळूच्या कणांबरोबर रगडल्यावर बऱ्याच पेशी फुटतात आणि आतला ऐवज जिवाणूंना आयता मिळतो. जिवाणूच्या कोरड्या वजनात साधारण निम्मी प्रथिनं आणि पाचवा हिस्सा आरएनए असतो. जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठात हॅरॉल्ड ड्रेक यांच्या गटाने गांडुळाच्या आतड्यातल्या मालात नेमके हे दोन पदार्थ मिसळून पाहिले. दोन्हींनी किण्वन जोरात वाढलं. प्रथिनं फुटली की आम्लांसोबत अमोनियाही सुटतो, आणि डोस चुकला तर घात तोच करतो. म्हणून ओल्या खाद्याच्या 5 टक्क्यांच्या आतच हा गाळ द्यावा, तोही उकळून थंड करून आणि सुक्या पाल्यात कालवून. एका जागी ओतला तर तिथेच कुजून वास मारतो.

अर्धकुजलेलं मिश्रण. बहुतेकांनी हेच घ्यावं. पानाचं अवघड काम बुरशी आणि जिवाणूंनी आधीच बाहेर केलेलं असतं आणि त्यांच्या पेशी पानावर साय धरावी तशा पसरलेल्या असतात. गांडूळ पानापेक्षा ही सायच जास्त पचवतं.

कृती: पाला 2-3 सेंमी तुकड्यांत कापावा, तेवढ्याच आकारमानाचं ताजं शेण मिसळावं आणि ओल 60 टक्क्यांच्या आसपास ठेवावी. मूठ आवळल्यावर एखाददुसराच थेंब पडला पाहिजे. ढीग 55-60 अंशांपर्यंत तापतो. दर चार-पाच दिवसांनी उलथावा. 10 ते 15 दिवसांनी तापमान 30 च्या खाली उतरलं आणि अमोनियाचा वास गेला की बेडवर 5 ते 7 सेंमीचा थर द्यावा. जाड थर पुन्हा तापतो आणि 35 अंशांच्या पुढे गांडुळं मरू लागतात. बेडमधली ओल ढिगापेक्षा जास्त, 70-80 टक्के लागते. उलट ढीग फार दिवस कुजू दिला तर ती साय बाहेरच संपते आणि गांडुळांच्या वाट्याला चोथा उरतो. घाई करणारे आणि विसरणारे, दोघंही इथे फसतात.

गांडुळाची जात आयसेनिया फेटिडा असो वा युड्रिलस युजेनी, निवडीचा क्रम बदलत नाही.

नवं मिश्रण आधी डब्यात 50 गांडुळांवर तपासावं. चोवीस तासांत ती आत शिरली तर ठीक. भिंतीवर चढली किंवा अंगावर मण्यांसारखे फुगे दिसले तर खाद्य काढून टाकावं आणि फाडलेला सुका पुठ्ठा घालावा. आंबट वास असेल तर वरून अंड्याच्या कवचांची किंवा चुनखडीची बारीक पूड भुरभुरावी. अमोनियाचा वास असेल तर ही पूड टाळावी, त्याने तो आणखी सुटतो. तेव्हा पुठ्ठा आणि हवाच पुरे. कळीचा किंवा विरवलेला चुना दोन्ही वेळी नको, त्याने गांडुळांची कातडी भाजते.