केबल मॉडेम : आठ महिन्यांनंतर

नेरुळला आमच्या बिल्डिंगमध्ये फायबर अजून वर चढलेलं नाही (सोसायटीची परवानगी दोन मीटिंगांपासून लटकलीय, तो विषय नकोच). म्हणून फेब्रुवारीत केबलचं नेट घेतलं. मॉडेम मात्र स्वतःचा आणला : डॉक्सिस (टीव्हीच्या केबलवरून नेट चालवायचं मानक) 3.0, आठ डाऊनलोड आणि चार अपलोड चॅनेलचा, वाय-फाय नसलेला. राऊटर घरात होताच. दुकानदार 3.1 गळ्यात मारत होता. माझा प्लॅन 100 एमबीपीएसचा, आणि आठ चॅनेल मिळून 300 च्या वर सहज जातात. नको म्हटलं. विकत घेण्याआधी केबलवाला ते मॉडेल चालवतो का, एवढं मात्र विचारा. त्याने मॅक नंबर (मॉडेमचा ओळख क्रमांक) नोंदवला नाही तर डबा शोभेचा.

मेपर्यंत तक्रार नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि रंग दिसले. स्पीड टेस्ट झकास, पण ऑफिसच्या कॉलवर "आवाज तुटतोय". दिवसातून चार-पाचदा मॉडेम आपोआप रीस्टार्ट. केबलवाल्याचा मुलगा आला, दिवे बघितले, म्हणाला, "साहेब, मॉडेम गेलाय." त्यांचा मॉडेम भाड्याने लावला. तेच रडगाणं! भाडं गेलं ते गेलंच.

तेव्हा कुठे ब्राउझरमध्ये 192.168.100.1, म्हणजे मॉडेमचं स्वतःचं पान, उघडलं. अपलोड पॉवर 52 डीबीएमव्ही (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), म्हणजे मॉडेम घसा फोडून ओरडतोय. 50 च्या आत बरी. डाऊनलोडची पॉवर उणे 9, एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर; जास्त तितका बरा) 31. लॉगमध्ये टी3 टाइमआऊटची रांग : मॉडेम हाक मारतो, पलीकडून ओ नाही.

टीव्हीमागे तीन तोंडांचा स्प्लिटर (एका केबलच्या तीन करणारा डबा) निघाला. एका तोंडावर 3.5 डीबी छापलेलं, म्हणजे तिथे सिग्नल तेवढा घटतो, उरलेल्या दोनांवर 7. मॉडेम अर्थातच 7 वर. नुसती वायर 3.5 च्या तोंडावर लावली, अपलोड पॉवर साडेअठ्ठेचाळीसवर आली. फुकटात. मग त्याच मुलाला गच्चीवर नेलं. आमच्या लाईनच्या कनेक्टरची टेप सुटलेली, आत पाणी, पिनवर हिरवा थर. खाडीची हवा, दुसरं काय होणार. नवा कनेक्टर क्रिंप करून (दाबून) बसवून घेतला. अपलोड पॉवर 45, एसएनआर 37.

ऑगस्टपासून कॉल तुटलेला नाही, मॉडेम तोच पहिला. फक्त बिल्डिंगची लाईट गेली की जिन्यातला केबलवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारा डबा) बंद पडतो, आणि मी इन्व्हर्टरवर पेटलेले मॉडेमचे दिवे बघत बसतो.