लॅप, एन्ड्युरो, डाउनहिल की टप्प्यांची रेस? फॉर्म भरण्याआधी वाचा

पावसाळा ओसरला की इंदूरच्या सायकलवाल्यांत एकच विषय सुरू होतो. वर्षभर सिमरोलचा घाट उतरून चोरलकडे जाणाऱ्या आणि परतीला त्याच चढावर घाम गाळणाऱ्या मंडळींना आता रेस हवी असते. "काका, कुठल्या रेसला नाव देऊ?" असं विचारणाऱ्याने अंतर, बक्षीस आणि जर्सीचा रंग एवढं पाहिलेलं असतं. मी आधी वेगळंच विचारतो: तू पडलास तर तुझ्यापाशी पहिला माणूस कोण पोचणार आणि किती वेळात? अवघड वाटेच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या, रेसचे चारही प्रकार या एका प्रश्नावर तपासले, तर जो सर्वांत भीतीदायक दिसतो तोच सर्वांत धोक्याचा ठरतो असं नाही.

आपला सराव कसल्या जमिनीवर होतो तेही लक्षात ठेवा. माळव्याचं पठार दक्षिणेला संपतं आणि विंध्याची कड नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरते. महू, पाताळपाणी, जानापाव, चोरल हा सगळा पट्टा काळ्या बेसॉल्टचा. दिवाळीनंतर इथे टणक जमिनीवर सुट्या मुरुमाचा पातळ थर बसतो. त्यावर वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला सरकतं आणि काही कळायच्या आत कोपर जमिनीला लागलेलं असतं. ओल असेल तर काळी माती टायर आणि फोर्कच्या मध्ये अशी भरते की चाकच फिरेना. म्हणजे निसरड्याची सवय आपल्याला असते. ओल्या मुळांची, लाकडी रॅम्पची, माणूसभर उंचीच्या ड्रॉपची, म्हणजे वाट एकदम तुटून खाली जाते त्या पायरीची, नसते.

लॅपची क्रॉस-कंट्री

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ऑलिंपिक पद्धतीच्या क्रॉस-कंट्रीची एक फेरी साधारण ४ ते ६ किलोमीटरची असते आणि वरच्या गटाची रेस १ तास २० मिनिटं ते १ तास ४० मिनिटं चालते. २०२३ च्या ऑक्टोबरात केरळात पोनमुडीला माउंटन बाइकची आशियाई स्पर्धा झाली, तिच्यात हा प्रकार होता. फेरी लहान असल्याने मार्शल, म्हणजे वाटेवर लक्ष ठेवणारी संयोजकांची माणसं, जवळजवळ उभे असतात, प्रेक्षक असतात आणि पाठून येणारे रायडरही सारखे येत असतात. पडलात तर मदत बहुधा काही मिनिटांत पोचते.

इथला धोका वाटेपेक्षा माणसांचा जास्त. सुरुवातीला सगळे एकदम सुटतात आणि पहिल्या सिंगलट्रॅकच्या, म्हणजे एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटेच्या, तोंडाशी हँडलबारला हँडलबार भिडतात. नवख्याने तिथे पुढे घुसू नये. दहा जागा मागे राहिलात तरी पुढच्या चढावर त्यातल्या निम्म्या परत मिळतात. ओव्हरटेक करणाऱ्याने "डावीकडून!" असं आधी ओरडायचं, आणि पुढच्याने तोल न घालवता जागा द्यायची. पुढच्या चाकाला चाक लावून गप्प घुसणं ही मर्दुमकी नव्हे.

अवघड जागी अनेकदा दोन वाटा आखलेल्या असतात: सरळ, छोटी, खडकातून जाणारी आणि वळसा घेऊन जाणारी सोपी. सोप्या वाटेला बी-लाइन म्हणतात. ती घेतली तर काही सेकंद जातात, बस. ठरवायचं मात्र आदल्या दिवशी. सायकल बाजूला ठेवा, रॉक गार्डन (दगडांनी भरलेला तुकडा) पायी उतरा आणि खालून वर बघा. वरून जो दगड सपाट दिसतो, त्याच्या पाठीमागे चाक अडकेल अशी खाच असू शकते, ती खालूनच दिसते. मग त्याच गटातल्या एखाद्या जाणत्याच्या पाठोपाठ उतरून बघा. सरावात दोनदा सहज जमलं तरच रेसमध्ये ती वाट धरा. चौथ्या फेरीत नाडी कानात वाजत असताना ठरवायला बसलात, तर उत्तर चुकीचंच येतं.

हे मोठ्यांच्याही बाबतीत घडतं. टोकियो ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्रीत, जुलै २०२१ मध्ये, मॅथ्यू व्हान डेर पूल एका मोठ्या दगडावरच्या ड्रॉपला उतरताना हँडलवरून पुढे फेकला गेला. सरावाच्या वेळी तिथे उतरायला फळीचा रॅम्प होता. रेसच्या वेळी तो काढलेला होता, आणि हा रॅम्प असेल असं धरून आला. जगातल्या सर्वांत कुशल सायकलपटूंपैकी एकाची रेस तिथेच बिघडली, पुढे ती त्याला सोडावी लागली. चूक कोणाची यावर वाद घाला हवा तेवढा. मी त्यातून एवढंच घेतो की वाट रेसच्या दिवशी जशी आहे तशी बघायची जबाबदारी रायडरची, मग संयोजकांनी कळवलेलं असो वा नसो.

अजून एक नियम नवख्यांना टोचतो. आघाडीच्या रायडरला पहिल्या फेरीला लागलेल्या वेळेच्या ८० टक्क्यांहून जास्त त्याच्या मागे पडलेल्याला रेसमधून काढतात. अपमान वाटून घेऊ नका; अरुंद उतारावर दमलेला आणि दुप्पट वेगाने येणारा एकत्र नकोत, एवढाच त्याचा अर्थ.

डाउनहिल

बघूनच पोटात गोळा येतो हे खरं. पण सुरक्षेची व्यवस्था इथे सर्वांत घट्ट असते. धाव छोटी, दीड ते साडेतीन किलोमीटर, दोन ते पाच मिनिटांची. रायडर एकेक करून सुटतो, त्यामुळे धक्काबुक्की नाही. हनुवटीही झाकणारं फुल-फेस हेल्मेट सक्तीचं. वाट दोन्ही बाजूंनी टेपने बांधलेली आणि एका मार्शलला दुसरा दिसेल अशी माणसं उभी. खाली कोणी पडलं की लाल झेंडा वर जातो; तो दिसला की थांबायचं, मग पुन्हा धाव मागता येते. झेंडा बघूनही 'आता थोडंच उरलंय' म्हणून जो पुढे जातो, त्याला मी माझ्या गटात घेणार नाही.

अडचण दुसरीच आहे. वेग इतका की पडलं तर लागतंच, आणि इंदूरच्या आसपास अशा वाटेचा नेमाने सराव करायला जागा नाही. डाउनहिलची सायकल घ्यायची, मोटारीवर बांधून दूर न्यायची, दोन दिवस सराव करायचा आणि तिसऱ्या दिवशी रेस, हे माझ्या मते अर्धवट आहे. शिकायचं असेल तर आधी कोचबरोबर आठवडाभर तिथे जाऊन राहा.

एन्ड्युरो

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या तरुणांना सर्वांत जास्त मोह याचाच पडतो. उतार वेळ मोजून, चढ आपापल्या गतीने. गप्पा मारत वर जायचं, खाली सुसाट यायचं. २०२३ पासून याची जागतिक मालिका आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या छत्राखाली आली आहे.

मजा आहेच, पण माझ्या हिशेबात रायडरच्या डोक्यावर सर्वांत जास्त जबाबदारी इथेच येते. वाट लांब, डोंगरभर पसरलेली, मार्शल विरळ. काही वाटा नीट बघायला मिळतात, काही जेमतेम एकदा. दुरुस्ती बहुतेक स्वतःच करायची. आणि रायडर ठरावीक अंतराने सुटत असल्याने, तुम्ही पडलात तर पहिला पोचणारा माणूस म्हणजे तुमच्या मागून सुटलेला स्पर्धक. त्याने थांबायलाच हवं. वेळ गेली तर गेली.

तो थांबल्यावर काय करायचं, हे दोघांनाही माहीत असावं लागतं. पहिलं काम: वरच्या वळणाच्याही वर सायकल आडवी करून येणाऱ्याला थांबवायचं, नाहीतर जखमी दोन होतात. मग पडलेल्याशी बोलायचं. मान दुखते म्हणाला, हातापायाला मुंग्या येताहेत म्हणाला, तर हलवायचं नाही. श्वास अडत नसेल तर फुल-फेस हेल्मेट ओढून काढायचं नाही. तो तरातरा उठून "मी ठीक आहे" म्हणाला तरी कुठली रेस, कितवा उतार, हे विचारायचं. उत्तर अडखळलं तर त्याचा दिवस संपला. डोक्याच्या दुखापतीची लक्षणं काही तासांनीही दिसतात, म्हणून त्याला एकटं घरी पाठवायचं नाही. तिसऱ्या रायडरला निरोप घेऊन खाली पिटाळायचं, कारण दरीत मोबाइलची रेंज असेलच याचा भरवसा नाही.

हे वाचून 'एवढं कोण लक्षात ठेवणार' असं वाटलं असेल, तर एन्ड्युरो पुढच्या वर्षी करा. यंदा अशा रेसला स्वयंसेवक म्हणून उभे राहा. एका वळणावर दिवसभर उभं राहिलात की लोक नेमके कशाने पडतात ते दिसतं.

टप्प्यांची लांब रेस

हिमाचलातली एमटीबी हिमालया २००५ साली सुरू झाली. तेव्हापासून रोज एक टप्पा अशा अनेक दिवसांच्या लांब पल्ल्याचं स्वप्न म्हटलं की आपल्याकडे तिचंच नाव निघतं. इथे एखादा उतार कमी अवघड असेल, पण तुम्ही तिथे पोचता ते पाचव्या तासाला, हाताची बोटं ब्रेकवर आखडलेली असताना. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर; तिकडे ३००० मीटरच्या आसपासच्या खिंडी लागू शकतात. थंडी, पाऊस, चुकलेली वाट आणि मदतीपासूनचं अंतर हे इथले खरे धोके. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकमध्ये आठ दिवस जोडीने सायकल चालवावी लागते आणि दोघांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडू द्यायचं नसतं. मला तो नियम फार आवडतो; पहिला मदतनीस कोण, हा प्रश्नच तिथे उरत नाही. आपल्याकडे तसा नियम नसला तरी एकटे जाऊ नका. शिट्टी, अंगाभोवती गुंडाळायची पन्नी, जादा ट्यूब, तुटलेली चेन जोडायची क्विक-लिंक आणि एक गरम थर पाठीवर असलाच पाहिजे, संयोजकांच्या यादीत असो वा नसो.

हमीपत्र आणि विमा

फॉर्मवर सही करताना सगळे खाली स्क्रोल करतात. वाचा. त्यात तुम्ही धोका समजून घेतल्याचं कबूल करता. म्हणून संयोजकांची काळजी घ्यायची जबाबदारी पुसली जात नाही. त्यांना सरळ विचारा: अँब्युलन्स कुठे उभी असेल, अवघड उतारापर्यंत गाडी जाते की स्ट्रेचर, मार्शलकडे वॉकीटॉकी आहे का, जवळचं रुग्णालय कुठलं. "१०८ ला फोन करू" एवढंच उत्तर आलं तर पैसे भरू नका. अठराच्या आतल्यांच्या आईवडिलांनी तर हे स्वतः विचारावं, मुलाच्या भरवशावर सही करू नये.

आरोग्य विम्यात साहसी खेळांचं एक ठरलेलं वगळणीचं कलम असतं. त्यात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा उपचार वगळलेला असतो. हौशी रायडरला त्यामुळे वाव राहतो, पण वैयक्तिक अपघात विम्याची भाषा वेगळी आणि बहुधा कडक असते. 'शर्यत' हा शब्द कुठे आहे ते शोधा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

मग नाव कुठे द्यायचं?

चोरलचा उतार न थांबता उतरता येत असेल, पण गुडघाभर ड्रॉपला हात कापत असतील, तर लॅपची रेस, बी-लाइन घ्यायची तयारी ठेवून. हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) आणि साधं हेल्मेट पुरतं. मात्र त्या हेल्मेटने आधी एकदा जोराचा मार खाल्ला असेल तर नवं घ्या, आतला फोम एकदाच काम करतो. दम भरपूर, जोडीदार भरवशाचा आणि पंक्चर अंधारातही काढता येत असेल तर टप्प्यांची रेस, हाताशी सहा महिने ठेवून. एन्ड्युरोला फुल सस्पेन्शन आणि चालवताना सीट खाली करता येणाऱ्या ड्रॉपर पोस्टपेक्षा प्रथमोपचाराचा वर्ग आधी करा. गुडघ्याचे पॅड आणि फुल-फेस तर हवेतच. डाउनहिलचा निर्णय कोच देईल, मी देणार नाही.

आणि सरावाच्या दिवशी भीतीने पाय थरथरले म्हणून नाव मागे घेतलंत, तर भरलेली फी सहसा परत मिळत नाही. ती गेली असं समजा आणि मार्शलला जाऊन सांगा, म्हणजे तुमचा नंबर त्यांच्या यादीतून निघतो आणि संध्याकाळी डोंगरात कोणी तुम्हाला शोधत फिरत नाही.