लेफर्वेसांस की फ्लोरिलेज? टोकियोत एकदाच खिसा मोकळा करायचा असेल तर

टोकियोत फ्रेंच-जपानी म्हणून जी महागडी रेस्टॉरंट्स आहेत त्यातली ही दोन आम्ही केलीत, आणि ऑफिसातले निम्मे मराठी लोक अ‍ॅनिव्हर्सरी जवळ आली की मलाच विचारतात कुठे जाऊ म्हणून, तर एकदाचं लिहूनच टाकते.

आधी एक गैरसमज. फ्युजन म्हटलं की आपल्याला शेजवान डोसा आठवतो, इकडे तसलं काही नाही. तंत्र फ्रेंच, म्हणजे सॉस, बटर, कोर्सची उतरंड वगैरे, आणि जिन्नस न् चव जपानी. दोन्ही शेफ जपानीच आहेत. लेफर्वेसांसचे शिनोबू नामाए होक्काइदोत मिशेल ब्रा या फ्रेंच शेफच्या रेस्टॉरंटात शिकले, मग इंग्लंडला फॅट डक नावाच्या रेस्टॉरंटमध्ये, आणि 2010 ला निशी-आझाबूत हे सुरू झालं. फ्लोरिलेजचे हिरोयासु कावाते फ्रान्समध्ये माँपेलिएला काम करून आले, परत येऊन टोकियोतल्याच कँतेसाँस या फ्रेंच रेस्टॉरंटात सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचे दुसरे शेफ, होते, 2009 ला स्वतःचं काढलं आणि 2023 ला ते आझाबुदाई हिल्सला हलवलं.

बसायची पद्धत एकदम वेगळी, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. लेफर्वेसांसला आपलं आपलं टेबल, शांत, सगळे दबक्या आवाजात बोलतात, तुम्हाला एकमेकांशी गप्पा मारायच्या असतील तर इथे. फ्लोरिलेजला एकच लांबलचक टेबल, सगळी पंगत त्याच्याभोवती आणि समोर किचन उघडं, त्यामुळे नवरा पूर्ण वेळ कोण काय परततंय तेच बघत होता, मी अ‍ॅनिव्हर्सरीचं काहीतरी बोलायला जावं तर म्हणे थांब थांब तो बघ काय करतोय. मजा आली, पण रोमँटिक वगैरे म्हणू नका.

जेवणाचं म्हणाल तर लेफर्वेसांसचं सलगम. हसू नका. जपानीत काबु, अख्खं सलगम मंद आचेवर कित्येक तास शिजवायचं आणि शेवटी बटरवर परतायचं, जोडीला पार्स्लीचा हिरवागार सॉस, ब्रिओशचा (बटर-अंड्याचा फ्रेंच पाव) कुरकुरीत चुरा आणि थोडं हॅम. वर्षभर मेन्यूत असतं. सुरी लावली तर बाहेरून तांबूस झालेली कड किंचित अडते आणि आत एकदम पाणीदार, ताटलीत रस सुटतो, आणि चव आधी गोड आणि मग मागून जराशी तिखट झाक. घरी सलगम आणलं की कोणी बघतही नाही त्याच्याकडे! जेवण संपलं की घुसळलेला माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, देतात, तोही मस्त.

फ्लोरिलेजमध्ये सगळा भर भाज्यांवर आहे, मांस जेमतेम. त्यांची जुनी गाजलेली डिश मात्र बीफचीच, वासरं देऊन झालेल्या वयस्कर गाईचं मांस वाया जाऊ नये म्हणून केलेली, तेव्हा बीफ खात नसाल तर बुकिंग करतानाच सांगा, टेबलावर बसून नाही.

आणि व्हेज लोकांसाठी महत्त्वाचं, हे दोन्हीकडे लागू. इथे नुसतं व्हेजिटेरियन सांगून भागत नाही, कारण दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातला स्टॉक. वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाचा कीस, कात्सुओबुशी, म्हणजे आपल्या सुकटीचा शहरात शिकलेला चुलतभाऊ, त्याचं पाणी कशातही असतं आणि बऱ्याच लोकांच्या लेखी ते नॉनव्हेज नसतंच. दुसऱ्याच एका ठिकाणी माझ्या सासूबाईंना छान क्लिअर सूप दिलं, त्या दोन घोट पिऊन म्हणाल्या वास कसला गं येतोय, आणि मला तिथे जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणून बुकिंगच्या मेसेजमध्ये सरळ लिहायचं, मासा नको, माशाची दाशी नको, मांसाचा स्टॉक नको, जिलेटिन नको, कोम्बूची (समुद्री शेवाळाची) दाशी चालेल. एवढं करून नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. सासूबाईंना मी आता शोजिन रियोरीला नेते, देवळातलं जेवण, त्यात मासाही नाही आणि कांदा-लसूणही नाही, चातुर्मास असला तरी खुशाल जा.

पैशाला फ्लोरिलेज बरंच हलकं पडतं, आणि लंच केलं तर अजूनच. मेन्यूवरच्या आकड्यात कर धरलेला असतो पण सर्व्हिस चार्ज आहे का बघा, वाइन पेअरिंग घेतलं तर बिल कुठच्या कुठे जातं. टिप द्यायची नाही.

मिशेलिनचं, म्हणजे रेस्टॉरंटना स्टार देणाऱ्या फ्रेंच गाइडचं विचाराल तर लेफर्वेसांसला 3 स्टार, फ्लोरिलेजला 2, पण फ्लोरिलेज 2024 ला एशियाज फिफ्टी बेस्ट या आशियातल्या सर्वोत्तम रेस्टॉरंट्सच्या यादीत दुसरं होतं, त्यामुळे त्यावरून ठरवण्यात अर्थ नाही.

माझं मत, पहिल्यांदाच असलं काही करत असाल तर फ्लोरिलेजचं लंच. दहावी, पंचविसावी अ‍ॅनिव्हर्सरी असेल तर लेफर्वेसांस, डोळे मिटून. फक्त कॅन्सलेशनचे नियम नीट वाचा, अशा ठिकाणी आयत्या वेळी रद्द केलं तर कार्डावरून पूर्ण पैसे जाऊ शकतात, आमचे एकदा गेलेत (या दोघांकडे नाही), पोराला सांभाळणारीने दुपारी चार वाजता कळवलं जमत नाही म्हणून. आता मी आधी तिची तारीख घेते, मग टेबल बुक करते.